स्नायू झिजण्याच्या आजारात कफ बांधून करायचा ताकदीचा व्यायाम: कोणी करावा, कोणी टाळावा आणि कसा करावा

दंडाच्या किंवा मांडीच्या वरच्या टोकाला हवा भरण्याचा पट्टा, म्हणजेच कफ, बांधून रक्तप्रवाह काही प्रमाणात रोखायचा आणि त्या अवस्थेत अगदी हलके वजन अनेक वेळा उचलायचे, या पद्धतीला फिजिओथेरपीत बीएफआर (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन) म्हणतात. जपानमध्ये योशिआकी सातो यांनी 1960च्या दशकापासून स्वतःवर प्रयोग करत ती घडवली. तिकडे ती काअत्सु या नावाने ओळखली जाते. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाल्यावर जड वजन उचलता येत नाही त्या काळात मांडी बारीक होऊ नये म्हणून तिचा वापर आता बऱ्याच देशांत होतो, आणि खेळाडूंच्या पुनर्वसनाच्या निमित्ताने पुण्यातही ती अनेकांच्या कानावर गेली आहे. ज्यांच्या घरात स्नायू झिजण्याचा आजार आहे, त्यांना साहजिकच वाटते की जड वजन झेपत नाही, पण हलक्या वजनाने तोच फायदा मिळत असेल तर आपणही का करू नये.

फिजिओथेरपिस्ट म्हणून या प्रश्नाला माझे उत्तर नेहमी एका प्रतिप्रश्नाने सुरू होते: आजाराचे नेमके नाव काय? काही आजारांत ही पद्धत सावधपणे वापरता येते, तर काहींत ती उघडपणे घातक आहे. केवळ स्नायू अशक्त आहेत एवढ्या माहितीवर कोणीही कफ हातात घेऊ नये.

कफ बांधल्यावर आत काय घडते

कफमधील दाब असा ठेवला जातो की रोहिण्यांतून हातापायाकडे येणारे रक्त कमी होते, पण थांबत नाही. शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त मात्र बरेचसे अडते. हलके काम एरवी स्नायूंतील संथ तंतू सांभाळतात. ऑक्सिजन अपुरा पडू लागला की ते लवकर थकतात आणि जे जलद तंतू सहसा जड वजनालाच जागे होतात त्यांना कामाला लागावे लागते. त्याच वेळी श्रमात तयार होणारे लॅक्टेट साठते, पेशींत पाणी शिरून त्या फुगतात आणि नवी प्रथिने तयार करण्याचे संदेश स्नायूला मिळतात. त्यामुळे कमाल ताकदीच्या 20 ते 30 टक्के वजनावरही स्नायूचा आकार वाढू शकतो. ताकदीची वाढ मात्र जड वजनाने होते तितकी सहसा होत नाही, हेही लक्षात असावे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांत मुख्यतः हेच जलद तंतू झिजतात, म्हणून त्यांच्या बाबतीत या पद्धतीचा विचार करण्याला शास्त्रीय आधार आहे.

पण याच वर्णनातून धोकाही दिसतो. रक्त कमी करणे हाच ज्या व्यायामाचा गाभा आहे, तो व्यायाम रक्ताचा किंवा ऊर्जेचा पुरवठा आजारामुळे मुळातच बिघडलेल्या स्नायूला कसा मानवेल?

आधी आजाराचे नाव

या पद्धतीचा थोडाफार अभ्यास झाला आहे तो मुख्यतः स्नायुदाहाच्या, म्हणजे स्नायूंना आतून सूज येणाऱ्या आजारांच्या, गटात. इन्क्लूजन बॉडी मायोसायटिस हा साधारणपणे पन्नाशीनंतर सुरू होणारा आजार आहे. त्यात मांडीचे पुढचे स्नायू आणि बोटे मिटवणारे स्नायू आधी झिजतात, आणि औषधांचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी 2010 मध्ये अशा एका 65 वर्षांच्या रुग्णाला 12 आठवडे हा व्यायाम देऊन त्याची ताकद व मांडीच्या स्नायूचा आकार वाढल्याचे नोंदवले. पुढे डेन्मार्कमध्ये 22 रुग्णांचे दोन गट करून 12 आठवड्यांची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद टिकली, न करणाऱ्यांची घटली. मात्र दैनंदिन हालचालींत आपल्याला किती फरक वाटतो या प्रश्नावर दोन्ही गटांत लक्षणीय अंतर दिसले नाही. पॉलिमायोसायटिस आणि डर्माटोमायोसायटिस झालेल्या, पण आजार औषधांनी शांत असलेल्या रुग्णांचा एक छोटा अभ्यास ब्राझीलमध्येच झाला. त्यात ताकद वाढली आणि आजार उसळला नाही. पुरावा एवढाच आहे. तो आश्वासक आहे, पण रुग्णसंख्या लहान आहे आणि सगळा व्यायाम प्रशिक्षित देखरेखीखाली झाला आहे.

ड्युशेन आणि बेकर या मुख्यतः मुलग्यांना होणाऱ्या आनुवंशिक स्नायुविकारांत मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे, आणि त्याचे कारण पालकांनी नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. या आजारांत डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसते किंवा सदोष असते. नायट्रिक ऑक्साइड तयार करणारे एक विकर (एन्झाइम) या प्रथिनाच्या आधाराने स्नायुपेशीच्या आवरणाशी टिकून असते, आणि व्यायाम करताना स्नायूतील रक्तवाहिन्या सैल करण्याचे काम त्या नायट्रिक ऑक्साइडवर अवलंबून असते. आधारच नाहीसा झाला की विकर जागचे सुटते, रक्तवाहिन्या हव्या तितक्या उघडत नाहीत, आणि साध्या हालचालीतही स्नायूला रक्त कमी पडते. त्यात पेशीचे आवरण नाजूक असल्याने ताण बसला की ते फाटते. अशा मुलाच्या मांडीला कफ बांधणे म्हणजे आजाराने जे नुकसान चालवले आहे त्यातच भर घालणे होय. कमरेच्या व खांद्याच्या पट्ट्यातील स्नायू झिजवणाऱ्या लिंब-गर्डल प्रकारांपैकी सार्कोग्लायकन या प्रथिनांच्या दोषामुळे होणाऱ्या प्रकारांनाही मी याच रांगेत धरतो.

दुसरा ठाम नकार ऊर्जेच्या दोषांना. मॅकार्डल आजारात स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वापरता येत नाही. या आजाराच्या निदानासाठी पूर्वी दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळून मूठ उघडमीट करायला लावत; त्या चाचणीतच स्नायू आखडून त्यांचे विघटन होण्याचा धोका असल्यामुळे आता पट्ट्याविना चाचणी केली जाते. जे निदानासाठीही सोडून द्यावे लागले ते उपचार म्हणून करण्यात अर्थ नाही. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांच्या आजारांनाही हाच नियम लावावा. मोटर न्यूरॉनच्या आजारांत चेतापेशीच कमी होत असल्याने उरलेल्या तंतूंना थकव्यापर्यंत राबवणे योग्य नाही. शार्को-मारी-टूथसारख्या चेताविकारांत पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे दाब जास्त झाला तरी रुग्णाला तो जाणवत नाही.

निदान कागदावर नसेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडून ते पूर्ण करून घेणे हाच पहिला टप्पा आहे. जनुकीय तपासणीचा अहवाल यायला वेळ लागतो. तोपर्यंत साधा, कफविरहित हलका व्यायाम चालू ठेवता येतो.

कफ बांधण्यापूर्वीच्या तपासण्या

निदान अनुकूल असले तरी काही गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. पायातील शिरांत पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असणे, पायांच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मोठ्या व्हेरिकोज व्हेन्स, गर्भारपण, चालू असलेला कर्करोग, डायलिसिससाठी हातात रोहिणी व शीर जोडून केलेली फिस्टुला आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढलेला हात, यांपैकी काहीही असल्यास कफ बांधू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांची परवानगी आवश्यक आहे. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आवर्जून विचारावी लागते, ती म्हणजे सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक दोष. विदर्भातून किंवा नंदुरबारकडून पुण्यात आलेल्या अनेक कुटुंबांत हा दोष आढळतो, आणि केवळ वाहक असलेल्या व्यक्तीलाही ऑक्सिजन कमी झालेल्या हातापायात त्रास होऊ शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी रक्ततपासणी करून घ्यावी.

स्नायूंच्या अनेक आजारांत हृदयही गुंतलेले असते, म्हणून ईसीजी आणि इकोकार्डिओग्राम अलीकडचे असावेत. आवळलेला स्नायू लवकर सैल न होणाऱ्या मायोटॉनिक डिस्ट्रोफी या आजारात हृदयाच्या विद्युतवहनातील अडथळा काही लक्षणे न दाखवताही असू शकतो. श्वासाच्या स्नायूंची क्षमता स्पायरोमेट्रीने पाहावी. रक्तातील सीके या विकराची पातळी व्यायाम सुरू करण्यापूर्वी मोजून ठेवावी. स्नायुविकारात ती मुळातच वाढलेली असते, त्यामुळे तुलनेसाठी स्वतःचाच जुना आकडा हाताशी नसेल तर नंतर आलेल्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन हे स्नायूंतून रक्तात येणारे द्रव्य पाहताना हे ध्यानात ठेवावे की ज्याचा स्नायू झिजला आहे त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी असते, आणि म्हणून अहवालातील सर्वसाधारण आकडा फसवा ठरू शकतो. अशा रुग्णांत सिस्टॅटिन-सी ही तपासणी अधिक भरवशाची आहे.

दाब मोजण्याची रीत

या पद्धतीत सर्वाधिक चुका होतात त्या येथे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जिममध्ये मिळणारे इलॅस्टिकचे पट्टे दहापैकी सात इतके घट्ट बांधा, असा सल्ला इंटरनेटवर सर्रास दिला जातो. तरुण, निरोगी माणसाचे त्यात निभावून जाईल. झिजलेल्या, बारीक मांडीवर तोच घट्टपणा रक्तप्रवाह पूर्ण बंद करू शकतो. दाब आकड्यात मोजता येत नसेल तर हा व्यायाम करू नये.

हवा भरण्याचा, दाबमापक असलेला रुंद कफ वापरावा. सदाशिव पेठेतील सर्जिकल साहित्याच्या दुकानांत रक्तदाबयंत्राचा मांडीसाठीचा मोठा कफ मिळू शकतो, पण त्याचे वेल्क्रो स्नायू आकुंचन पावताना सुटते. व्यायामासाठी बनवलेला कफ फिजिओथेरपी केंद्रात वापरणेच मी पसंत करतो. कफ जितका रुंद तितका कमी दाब पुरतो, म्हणून एका कफवर ठरवलेला आकडा दुसऱ्या कफला लावू नये.

रुग्णाला व्यायाम ज्या स्थितीत करायचा आहे त्याच स्थितीत, म्हणजे बसून करायचा असेल तर बसवून, पाच-दहा मिनिटे शांत राहू द्यावे. पाय आडवा असताना आणि लोंबता असताना लागणारा दाब वेगळा असतो. मांडीवर सुती मोज्याचा पातळ थर चढवून, त्यावर कफ जांघेच्या शक्य तितक्या जवळ गुंडाळावा. साडीची चुणी, लेंग्याची शिवण किंवा खिशातील नाणे कफखाली राहिले तर त्या एकाच जागी दाब एकवटतो आणि स्टेरॉइडने पातळ झालेली त्वचा संध्याकाळपर्यंत काळीनिळी पडते. त्यामुळे गुंडाळण्याआधी हात फिरवून कापड सपाट करावे. हवा न भरलेल्या कफखाली एक बोट सहज सरकले पाहिजे.

आता घोट्याच्या आतील हाडामागे जेल लावून, रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लर यंत्राची कांडी टेकवावी. नाडीबरोबर येणारा सूं-सूं असा आवाज ऐकू आला की कफमध्ये हळूहळू हवा भरावी. आवाज आधी तोकडा होतो, मग अडखळतो आणि एका क्षणी पूर्ण थांबतो. त्या क्षणी दाबमापकावर दिसणारा आकडा म्हणजे त्या पायाचा पूर्ण अडथळ्याचा दाब. तो टिपून लगेच हवा सोडावी. समजा तो 170 मिलिमीटर आला, तर त्याचा 40 टक्के म्हणजे 68, आणि 50 टक्के म्हणजे 85. सर्वसाधारणपणे 40 ते 80 टक्के ही मर्यादा सांगितली जाते. स्नायू झिजलेल्या रुग्णाला मी 40 टक्क्यांवर सुरू करतो आणि पायासाठी 60 टक्क्यांच्या, हातासाठी 50 टक्क्यांच्या पुढे जात नाही. उजव्या व डाव्या पायाचा आकडा वेगळा येऊ शकतो, म्हणून दोन्ही मोजावेत आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजावेत.

प्रत्यक्ष व्यायाम

पहिल्या भेटीत व्यायाम नकोच. 40 टक्के दाबावर पाच मिनिटे रुग्णाला नुसते बसवून पाहावे. पाय भरल्यासारखा वाटणे आणि त्वचा किंचित लालसर-जांभळट दिसणे अपेक्षित आहे. पावलाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी झाले पाहिजे. पाय पांढरा पडला, मुंग्या आल्या, बधिरपणा किंवा टोचणारी वेदना झाली, तर हवा सोडून त्या दिवशी तेथेच थांबावे.

कोणत्या स्नायूला व्यायाम द्यायचा हे त्याच्या ताकदीवर ठरते. ताकद 0 ते 5 अशा श्रेणीत तपासली जाते आणि 3 म्हणजे हात किंवा पाय फक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता येणे. श्रेणी 3 पेक्षा कमी असलेल्या स्नायूवर कफ बांधू नये. 3 च्या थोडी वर असलेल्या मांडीसाठी उंच खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना पायाचे स्वतःचे वजन पुरेसे असते. याहून चांगली ताकद असेल तर घोट्याला अर्धा किलोची वाळूची पट्टी बांधावी. एका वेळी जास्तीत जास्त किती वजन उचलता येते ही चाचणी या रुग्णांत घेऊ नये. कफ न बांधता जे वजन 25 ते 30 वेळा फार न दमता उचलता येते ते योग्य, एवढा निकष पुरतो. बोटांची पकड कमी झालेल्या रुग्णाला दंडावर कफ बांधून मऊ चेंडू दाबायला देता येतो. सगळे व्यायाम बसून किंवा आडवे होऊनच करावेत, कारण थकलेला गुडघा उभ्या माणसाला सूचना न देता सोडून देतो.

निरोगी व्यक्तींसाठी प्रचलित क्रम 30, 15, 15, 15 आवर्तनांचा आणि मध्ये 30 ते 60 सेकंद विश्रांतीचा असून या विश्रांतीत कफमधील हवा तशीच ठेवतात. आपल्या रुग्णाने पहिल्या दोन आठवड्यांत 15 आवर्तनांचे एक-दोनच संच करावेत व मधल्या विश्रांतीत हवा सोडावी; पूर्ण क्रमापर्यंत पोहोचायला सहा आठवडे लागले तरी हरकत नाही. वजन दोन सेकंदांत वर न्यावे आणि दोन सेकंदांत सांभाळून खाली आणावे, कारण भाराखाली लांबताना स्नायूला सर्वाधिक इजा होते. म्हणून पाय धप्पकन सोडू नये, आणि खाली आणण्याची क्रिया मुद्दाम लांबवूही नये. एका वेळी एकाच पायाला कफ असावा व तो सलग आठ मिनिटांपेक्षा जास्त फुगलेला नसावा. श्वास रोखू नये. श्रम 0 ते 10 मध्ये मोजले तर 5 किंवा 6 ला थांबावे. स्नायू पुढे चालतच नाही इथपर्यंत जाण्याचा खेळाडूंचा नियम येथे लागू नाही. आठवड्यातून दोन दिवस पुरेत, आणि मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर असावे. व्यायामापूर्वी रक्तदाब 160/100 च्या वर असेल तर मी त्या दिवशी कफ बांधत नाही. रुग्णाने हा व्यायाम एकट्याने कधीही करू नये.

पुण्याच्या संदर्भात एक व्यवहाराची गोष्ट. कात्रजहून शिवाजीनगरला रिक्षाने किंवा बसने येऊन, जिने चढून केंद्रात पोहोचेपर्यंत काही रुग्णांची दिवसभराची शक्ती अर्धी खर्च झालेली असते. हा प्रवास श्रमांतच धरावा आणि त्या दिवशी एखादा संच कमी करावा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळचीच वेळ घ्यावी व पाणी पुरेसे प्यावे, कारण शरीरात पाणी कमी असताना रक्त घट्ट होते आणि मूत्रपिंडावरील भारही वाढतो. गणपतीत देखावे पाहायला रात्री फिरणे झाले असेल, तर दुसऱ्या दिवशीचा व्यायाम निःसंकोच पुढे ढकलावा.

दुसऱ्या दिवशी काय पाहावे

हलकी ठणक 24 तासांत ओसरावी. 48 तासांनंतरही स्नायू दुखत असेल, किंवा नेहमीच्या खुर्चीतून उठणे आदल्या आठवड्यापेक्षा जड जात असेल, तर मात्रा जास्त झाली आहे. पुढच्या वेळी आवर्तने निम्मी करावीत. लघवी चहासारखी तांबूस-काळसर झाली, तर स्नायू विघटन पावून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात उतरत असल्याची ती खूण असते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जाऊन सीके, पोटॅशियम व मूत्रपिंडाची तपासणी करावी. एकच पोटरी सुजून गरम व दुखरी झाली तर गुठळीच्या शंकेने त्याच दिवशी डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यावी. छातीत दुखले किंवा अचानक दम लागला, तर लगेच रुग्णालय गाठावे, हे वेगळे सांगायला नको.

किती अपेक्षा ठेवावी

या आजारांत ताकद टिकून राहणे हीच कमाई आहे, आणि ती टिपली नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात त्याच वेळी, त्याच खुर्चीवर मोजमाप करावे: 30 सेकंदांत किती वेळा उठता-बसता येते, दोन मिनिटांत किती अंतर चालता येते, गुडघ्याच्या वाटीपासून 15 सेंटीमीटर वर मांडीचा घेर किती आहे. त्यासोबत घरातली एखादी खरी गरजही लिहून ठेवावी. जुन्या वाड्यात लिफ्ट नसताना दुसऱ्या मजल्यावर जायला मध्ये किती वेळा थांबावे लागते, किंवा कमोडवरून उठताना हाताचा आधार लागतो का, या नोंदी रुग्णाला आकड्यांपेक्षा जास्त कळतात.

बारा आठवड्यांनी मोजमाप सुधारले किंवा जसेच्या तसे राहिले, तर व्यायाम चालू ठेवावा. अपेक्षेपेक्षा वेगाने घटले, तर तो थांबवून न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घ्यावा. मध्येच स्नायुदाह उसळला, ताप आला किंवा स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागली, तरीही कफ बाजूला ठेवावा आणि केवळ सांधे मोकळे ठेवण्याच्या हालचाली कराव्यात. आजार पुन्हा शांत झाल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर आधीचे आकडे वापरू नयेत. मांडीचा घेर बदललेला असतो, म्हणून डॉप्लर लावून दाब नव्याने मोजावा आणि 40 टक्क्यांपासून, 15 आवर्तनांच्या एकाच संचाने पुन्हा सुरुवात करावी.